सोलापूरची सनद, परदेशातली वकिली : वाचकांचे प्रश्न

परदेशात वकिली करण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न 'परीक्षा किती अवघड असते?' हाच आहे. आमच्या मते तो तिसरा-चौथा प्रश्न. माणूस आधी कागदपत्रांत अडकतो, मग तिथे काम करायच्या परवानगीत. परीक्षा त्या मानाने आपल्या हातातली गोष्ट. शुल्क आणि नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून पैसे भरायच्या आधी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरचा ताजा आकडा स्वतः बघावा.

प्रश्न : मी बी.ए. एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लंडनला एक वर्षाचं एलएलएम केलं की तिथे वकिली करता येते असं सगळे सांगतात. घरचे कर्ज काढायला तयार आहेत. जाऊ का? — जुळे सोलापूर

एलएलएममुळे इंग्लंडमध्ये वकिली करता येत नाही. ती कायद्याची पदव्युत्तर पदवी आहे, सनद म्हणजे वकिलीचा परवाना नाही. आणि सनद मिळाली तरी नोकरी करायचा हक्क मिळत नाही, तो व्हिसाने मिळतो. पदवी, सनद आणि व्हिसा या तीन गोष्टी देणारे तीन वेगळे लोक आहेत, आणि एकाने दिलं म्हणून दुसरा देईलच असं नाही. कर्जाचा कागद सही करण्याआधी हे घरात सगळ्यांना नीट समजावून सांगा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर (तिथल्या वकिलांचा एक वर्ग) होण्यासाठी १ सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आहे. ती सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीच्या अखत्यारीत घेतली जाते आणि तिला बसायला एलएलएम लागत नाही. तुम्ही आधी इथली पदवी पूर्ण करा, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद घ्या आणि ऑल इंडिया बार परीक्षा काढून टाका. हा क्रम आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. सनद नसलेल्या उमेदवाराला एसक्यूईबरोबर दोन वर्षांचा कायदेविषयक कामाचा अनुभव दाखवावा लागतो. तो भारतातला चालतो, पण त्यावर तिथल्या सॉलिसिटरने किंवा तिथल्या फर्मच्या जबाबदार अधिकाऱ्याने शिक्कामोर्तब करावं लागतं. सोलापुरात असा सॉलिसिटर शोधत बसण्यापेक्षा सनद घेतलेली बरी, कारण आधीच वकील असलेल्याला ही दोन वर्षांची अट नाही.

परीक्षेचे दोन टप्पे. पहिल्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० प्रश्न, म्हणजे एकूण ३६०. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात आणि त्यातला 'सर्वांत योग्य' निवडायचा असतो. एक पेपर ९०-९० प्रश्नांच्या दोन सत्रांत होतो. सत्राला २ तास ३३ मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे १०२ सेकंद. हा टप्पा संगणकावर, पीअर्सन व्ह्यूच्या केंद्रांवर असतो आणि भारतात बसून देता येतो. दुसऱ्या टप्प्यात १६ कामं करून दाखवायची असतात : १२ लेखी (मसुदा, पत्र, संशोधन, प्रकरणाचं विश्लेषण) आणि ४ तोंडी (पक्षकाराशी बोलणं, न्यायाधीशापुढे मांडणं). तोंडी भागासाठी तिकडे जावंच लागतं. दोन वर्षांचा सनदेनंतरचा अनुभव असेल तर दुसऱ्या टप्प्यातून सूट मागता येते. पहिल्या टप्प्यातून मात्र सूट मिळण्याची आशा धरू नका. दोन्ही टप्प्यांचं शुल्क मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास जातं, म्हणजे साडेपाच-सहा लाख रुपये, शिकवणीचे वेगळे. प्रत्येक टप्प्याला सहा वर्षांत तीनच संधी.

आपली मुलं कुठे पडतात? जिथे आपला कायदा त्यांच्यासारखाच वाटतो, तिथे. १८७२ चा करार कायदा पाठ असलेला विद्यार्थी इंग्लिश कराराचे प्रश्न भराभर सोडवतो आणि चुकतो. आपल्याकडे कलम २(ड) प्रमाणे मोबदला वचन घेणाऱ्याने किंवा 'अन्य कोणत्याही व्यक्तीने' दिलेला चालतो. इंग्लंडमध्ये तो वचन घेणाऱ्याकडूनच यावा लागतो. अज्ञानाशी (म्हणजे सज्ञान न झालेल्या व्यक्तीशी) केलेला करार १९०३ च्या मोहरीबीबी निकालापासून आपल्याकडे मुळातच शून्य. तिथे तो साधारणपणे अज्ञानाच्या मर्जीवर रद्द होणारा, आणि गरजेच्या वस्तूंचा असेल तर बंधनकारकही. नोकरी सोडल्यावर स्पर्धा करायची नाही ही अट आपल्याकडे कलम २७ खाली टिकत नाही; तिथे वाजवी असेल तर टिकते. जमिनीचंही तसंच. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नाही, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. तिथे लँड रजिस्ट्रीतली नोंद म्हणजेच मालकी. म्हणून करार आणि जमीन हे विषय 'येतात' म्हणून शेवटी ठेवू नका, सर्वांत आधी घ्या आणि वहीच्या एका बाजूला आपला नियम, दुसऱ्या बाजूला त्यांचा, असं लिहून काढा. ट्रस्ट आणि सॉलिसिटरची हिशेबवही हे विषय नवे असतात, त्यामुळे मुलं ते मन लावून करतात आणि गुणही मिळवतात.

आता व्हिसा. एलएलएमचा खरा उपयोग इथे आहे : पदवीनंतर ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं राहून नोकरी शोधता येते. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ही मुदत १८ महिने होते आहे. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो. त्यासाठी परवानाधारक प्रायोजक हवा आणि पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे. नवोदितांना काही सवलत असते. मोठ्या फर्म हे सहज करतात, पण तिथली स्पर्धा जीवघेणी. गल्लीतल्या छोट्या फर्मला माणूस हवा असतो, मात्र प्रायोजकाचा परवाना नसतो आणि तेवढा पगारही परवडत नाही. म्हणून आमचा सल्ला असा : सनद घ्या, इथेच वर्ष-दीड वर्ष काम करत एसक्यूईचा पहिला टप्पा द्या. तो निघाला तर कर्जाचा विचार करा. तो नापास होण्याची किंमत दोन-सव्वादोन लाख. एलएलएम करून रिकाम्या हाताने परतण्याची तीस-चाळीस लाख.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. इंग्लंडमध्ये न्यायालयात उभं राहणं, दावा चालवणं, मालमत्ता हस्तांतराचे दस्त, मृत्यूनंतरच्या मिळकतीचे अर्ज अशी मोजकी कामंच २००७ च्या कायद्याने राखीव आहेत. करार तपासणं, कंपनीला सल्ला देणं यासाठी सॉलिसिटर असणं सक्तीचं नाही. त्यामुळे पहिली नोकरी पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस) किंवा कॉन्ट्रॅक्ट मॅनेजर म्हणून मिळाली तर तोंड वाकडं करू नका. फक्त इमिग्रेशनचा सल्ला देऊ नका. त्याला स्वतंत्र परवानगी लागते.

प्रश्न : तीन वर्षांचं एलएल.बी. केलं, चार वर्षं जिल्हा न्यायालयात सिनिअरच्या हाताखाली आहे. न्यूयॉर्कची बार परीक्षा एलएलएम न करता देता येते असं ऐकलं. खरं आहे का? — रेल्वे लाइन्स, सोलापूर

खरं आहे, आणि तुमच्यासारख्यांना बहुधा लागू पडतं. न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सच्या नियमांतला ५२०.६ हा नियम बाहेर शिकलेल्यांसाठी आहे. तो दोन गोष्टी तपासतो : शिक्षण इंग्लिश कॉमन लॉवर (इंग्लंडमधून आलेल्या, निकालांतून घडत गेलेल्या कायद्यावर) आधारलेल्या देशातलं आहे का, आणि कालावधी जे.डी. या अमेरिकन कायद्याच्या पदवीइतका, म्हणजे किमान तीन वर्षं पूर्णवेळ आहे का. दोन्हीत बसलात तर थेट परीक्षा. एका अटीत कमी पडलात तरच अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या लॉ स्कूलमधून किमान २४ क्रेडिटचं एलएलएम करून ती उणीव भरता येते. दोन्हीत कमी पडलात तर एलएलएमनेही काम भागत नाही.

मेख 'पूर्णवेळ' या शब्दात आहे. नोकरी सांभाळून सकाळच्या वर्गांना जाऊन पदवी घेतली असेल आणि प्रमाणपत्रात कुठे 'अर्धवेळ' किंवा 'बहिःस्थ' असा शब्द आला, तर अर्ज अडतो. म्हणून विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडून लेटरहेडवर पत्र घ्या : प्रवेशाची तारीख, शेवटच्या परीक्षेची तारीख, अभ्यासक्रम नियमित व पूर्णवेळ, आठवड्याचे तास, शिकवण्याची भाषा. आपल्याकडे एलएल.बी.चे पेपर मराठीतून लिहिणारे बरेच आहेत. त्यात कमीपणा काही नाही, पण भाषेबद्दल विचारणा झाली तर खरं तेच लिहून आलं पाहिजे.

मूल्यमापनाचा अर्ज न्यूयॉर्क स्टेट बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सकडे ऑनलाइन करायचा. त्यांना लागतं ते : विद्यापीठाने थेट पाठवलेली अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (वर्षवार विषय आणि गुणांचा कागद), पदवी कोणत्या तारखेला प्रदान झाली त्याचा पुरावा, आणि भारतात वकिलीसाठी लागणारी शैक्षणिक अट पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणजे बार कौन्सिलचं प्रमाणपत्र. परीक्षेच्या निदान वर्षभर आधी हे सुरू करा. त्यांचं उत्तर यायला महिने लागतात, आणि परीक्षेचे अर्ज घ्यायची खिडकी त्यासाठी थांबत नाही.

परीक्षा दोन दिवसांची, फेब्रुवारी आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, न्यूयॉर्क राज्यात हजर राहूनच. एक दिवस २०० बहुपर्यायी प्रश्न, एक दिवस सहा निबंधवजा उत्तरं आणि दोन प्रात्यक्षिक कामं. ४०० पैकी २६६ ला उत्तीर्ण. बाहेर शिकलेल्यांना शुल्क ७५० डॉलर. त्याशिवाय व्यावसायिक नीतिमत्तेची ६० प्रश्नांची वेगळी परीक्षा (त्यात ८५ गुण हवेत), न्यूयॉर्कच्या कायद्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम व चाचणी आणि ५० तासांचं विनामूल्य विधिसेवेचं काम. हे ५० तास भारतातही करता येतात, पण देखरेख करणाऱ्या वकिलाची सही त्यांच्या नमुन्यावर त्याच वेळी घेऊन ठेवा. विधी सेवा प्राधिकरणाचं काम करून दोन वर्षांनी सह्या गोळा करायला गेलं की अधिकारी बदललेले असतात. न्यूयॉर्क जुलै २०२८ पासून नव्या धाटणीच्या बार परीक्षेकडे जाणार आहे, त्यामुळे आज जुनी पुस्तकं विकत घेताना आपण कोणत्या साली बसणार हे आधी ठरवा.

निबंधवजा उत्तरांत आपले वकील लांबण लावतात. दिवाणी दाव्याच्या कैफियतीत प्रत्येक परिच्छेद नाकारत जायची सवय असते. तिथे मुद्दा, नियम, वस्तुस्थितीला लावणं आणि निष्कर्ष एवढंच अर्ध्या तासात मागतात. निकालांची नावं आठवली नाहीत तरी चालतं, नियम चुकला तर चालत नाही.

आणि यानंतरही अमेरिकेत नोकरी करता येईल का? बार परीक्षेला नागरिकत्वाची अट नाही, ती १९७३ मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकली. पण नोकरीला एच-१बी व्हिसा लागतो, तो सोडतीने मिळतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या उमेदवारासाठी नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा भार टाकला आहे. म्हणून न्यूयॉर्कची सनद थेट सोलापूरहून अमेरिकेत जायची वाट म्हणून बघू नका. पुणे, मुंबई, बंगळुरू, गुरगावमध्ये अमेरिकन करारांवर काम करणाऱ्या कंपन्या आहेत, तिथे पगारात आणि पदात ती सनद उपयोगी पडते. हा हिशेब पटत असेल तरच उतरा.

कॅलिफोर्नियाचा पर्यायही ध्यानात ठेवा. परदेशात सनद असलेल्या वकिलाला तिथे जादा शिक्षण न घेता बार परीक्षेला बसता येतं. तिथे नुसती पदवी पुरत नाही, सनद चालू आणि निष्कलंक असावी लागते.

प्रश्न : माझ्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी आहे. सनद लग्नानंतर घेतली, त्यावर सासरचं नाव. पासपोर्टवर तिसरंच काहीतरी. आणि पदवी १९९९ ची आहे. ट्रान्सक्रिप्ट कुठून काढू? — अक्कलकोट

आधी सोपा भाग. सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झालं, २०१९ पासून त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. १९९९ ची पदवी म्हणजे तुम्हाला कोल्हापूर गाठावं लागेल, केगावला सोलापूर विद्यापीठात हेलपाटा घालू नका. अर्जासोबत सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिकांच्या प्रती न्या. एखादी हरवली असेल तर आधी दुय्यम प्रत काढा, कारण एका वर्षाचे गुण जरी सापडले नाहीत तरी पूर्ण ट्रान्सक्रिप्ट थांबते.

गुणपत्रिकेची झेरॉक्स म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. ट्रान्सक्रिप्ट वर्षवार विषय आणि गुण दाखवणारा, विद्यापीठाने स्वतंत्र सहीशिक्क्यानिशी दिलेला कागद. पाकीट बंद झाल्यावर झाकणाच्या चिरेवर शिक्का असा बसला पाहिजे की अर्धा झाकणावर आणि अर्धा पाकिटावर येईल. सहीही तशीच आडवी. पाठवणारा म्हणून विद्यापीठाचाच पत्ता. खिडकीवरचे कर्मचारी चांगुलपणाने पाकीट हातात देतात आणि 'तुम्हीच कुरिअर करा' म्हणतात. तुमच्या घरच्या पत्त्यावरून गेलेलं पाकीट परदेशातली संस्था न उघडताच बाद करू शकते. ती संस्था ईमेलने ट्रान्सक्रिप्ट घेते का हेही बघा. घेत असेल तर विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून जाऊ द्या, वैयक्तिक जीमेलवरून नाही. किमान तीन संच काढा.

आता नाव. पासपोर्टवरचं नाव हे मूळ धरा आणि बाकी सगळे कागद त्याच्याकडे वळवा, उलट करू नका. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, आणि 'या सर्व नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र, ज्यात प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं, स्पेलिंगसकट लिहिलेलं असेल. आपल्याकडे मराठी, कानडी, तेलुगू नावं इंग्रजीत उतरवताना गोंधळ ठरलेला : लक्ष्मी एका कागदावर 'एक्स'ने, दुसऱ्यावर 'केएस'ने. तो फरकही प्रतिज्ञापत्रात येऊ द्या. बार कौन्सिलकडे नावबदलाचा अर्ज आधी करा, चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र नंतर मागा. नाहीतर ते जुन्या नावाने येतं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

प्रश्न : बारा वर्षं दिवाणी बाजूला वकिली केली आहे. यजमानांना टोरोंटोजवळ नोकरी लागली, वर्षभरात जाऊ. तिथे पुन्हा पहिलीपासून शिकावं लागेल का? — पंढरपूर

पहिलीपासून नाही, पण मधल्या इयत्तेत बसावं लागेल. कॅनडात बाहेरच्या कायद्याच्या पदवीचं मूल्यमापन एनसीए ही समिती करते. पदवी, गुण, अनुभव बघून ती कोणते विषय द्यायचे ते कळवते. कॅनेडियन कायद्याची मूलतत्त्वं, राज्यघटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा आणि व्यावसायिक जबाबदारी हे पाच विषय आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येकाला द्यावे लागतात. काहींना यापेक्षा जास्त. शिवाय कायदेविषयक संशोधन व लेखनाची अट आहे. परीक्षा ऑनलाइन होतात, म्हणजे पंढरपूरला बसून निम्मं काम उरकता येतं. उत्तीर्णतेला ५० टक्के. पुस्तकं-टिपणं वापरायची मुभा असते आणि नेमकी तीच घात करते. तीन तासांच्या पेपरात पानं उलटायला वेळ नसतो. एक दहा-बारा पानांचा स्वतःचा सारांश हवा, बाकी ढीग बाजूला.

तुमच्यापुढे वर्ष आहे, तर मूल्यमापनाचा अर्ज आजच करा. विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट आणि बार कौन्सिलचं चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र दोन्ही थेट तिकडे जावं लागतं. शिक्षण इंग्रजीतून झालं नसेल तर भाषेची परीक्षाही मागतात. घर हलवल्यावर हे कागद नातेवाइकांकरवी काढणं म्हणजे डोक्याला ताप.

एनसीएचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे सनद मिळाली नाही. ते प्रांताच्या लॉ सोसायटीला दाखवायचं. ओन्टारिओत मग बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परवाना परीक्षा, आणि आर्टिकलिंग नावाची काही महिन्यांची उमेदवारी. खरी अडचण उमेदवारीची जागा मिळवण्यात आहे. बारा वर्षांचा अनुभव असलेल्या बाईंना पंचविशीतल्या मुलांबरोबर अर्ज करावे लागतात आणि पहिल्या दहा-वीस ठिकाणांहून उत्तरच येत नाही. छोट्या फर्म, जिथे मालमत्तेची आणि कौटुंबिक कामं चालतात आणि पक्षकारांत मराठी, हिंदी, गुजराती बोलणारे असतात, तिथे तुमच्या अनुभवाची किंमत आहे. तिकडे आधी लॉ क्लर्क म्हणून लागा, उमेदवारी तिथेच मागा. क्युबेकचा विचार करू नका. तिथे दिवाणी कायदा फ्रेंच परंपरेचा आणि एनसीएची वाट तिथे चालत नाही.

प्रश्न : दुबईला मामा आहेत. तिथे कोर्टात उभं राहता येईल का? — होटगी रोड

तिथल्या स्थानिक न्यायालयांत नाही. तिथलं काम अरबीत चालतं आणि उभे राहतात ते अमिराती वकील. बाहेरचे वकील लीगल कन्सल्टंट म्हणून किंवा कंपनीच्या विधी विभागात काम करतात. दुबईचं डीआयएफसी आणि अबू धाबीचं एडीजीएम ही दोन आर्थिक क्षेत्रं इंग्रजी आणि कॉमन लॉवर चालतात, पण तिथे इंग्लंडची सनद किंवा मोठ्या फर्मचा अनुभव असलेल्यांची गर्दी आहे. बांधकाम, शिपिंग, बँकिंग यातल्या करारांचं तीन-चार वर्षांचं काम हातात असेल तर जा; नुसत्या फौजदारी जामीन अर्जांवर तिथे कोणी विचारत नाही.

कागदांबद्दल : संयुक्त अरब अमिराती हा देश अपोस्टिल करारात (एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मानण्याच्या देशादेशांतल्या करारात) नाही, त्यामुळे भारताचा अपोस्टिल शिक्का पुरत नाही. पदवीवर आधी राज्य शासनाचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग अमिरातीच्या वकिलातीचं, आणि तिकडे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचं साक्षांकन. क्रम चुकला तर शिक्के वाया.

प्रश्न : एक कन्सल्टन्सी चार लाखांत 'ऑस्ट्रेलियात वकिलीची नोकरी हमखास' सांगते. मुलाला पाठवू का? — सात रस्ता

नका पाठवू. ऑस्ट्रेलियात सनद राज्य देतं. अकरा ठरलेल्या विषयांपैकी कोणते पुन्हा करायचे हे तिथलं प्रवेश मंडळ तुमच्या मुलाची ट्रान्सक्रिप्ट बघून ठरवतं, त्यावर प्रात्यक्षिक प्रशिक्षण, त्यावर आयईएलटीएसमध्ये लेखनाला ८. यातली एकही गोष्ट कोणी चार लाखांत 'हमखास' देऊ शकत नाही. मंडळाकडे मूल्यमापनाचा अर्ज मुलगा स्वतः करू शकतो. त्या उत्तराचा कागद हातात आल्याशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नका.

प्रश्न : बाहेर नोकरी धरली तर इथली सनद राहते का? — विजापूर रोड

राहते, पण 'चालू' ठेवता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. राज्य बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करायची आणि परतल्यावर पुन्हा चालू करायची. इथेही क्रम महत्त्वाचा. चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र आधी काढा, स्थगितीचा अर्ज नंतर. परदेशी संस्थांना ते ताजं लागतं, साधारण तीन महिन्यांच्या आतलं, म्हणून फार आधी काढूनही उपयोग नाही. आणि जाण्यापूर्वी चालू प्रकरणांतून रीतसर बाहेर पडा. तुमचं वकीलपत्र दाखल आहे, तुम्ही टोरोंटोत आहात आणि इकडे पक्षकाराविरुद्ध एकतर्फी हुकूम झाला, तर तक्रार तुमच्या नावावर होते. मग तिकडच्या अर्जातल्या 'शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित आहे का' या रकान्यात काय लिहिणार?

प्रश्न : आई-वडिलांमुळे सोलापूर सोडता येणार नाही. इथे बसून परदेशी कामाशी संबंध ठेवता येईल असं काही आहे का? — अशोक चौक

आहे, आणि त्यात अजून गर्दी नाही. सोलापूरचे टॉवेल आणि चादरी बाहेर जातात, इथली मुलं अमेरिका-इंग्लंड-आखातात आहेत. या दोन्हींतून काम निघतं.

निर्यातदाराचा करार बहुतेक वेळा खरेदीदाराने पाठवलेला असतो आणि तो न वाचता सही होतो. त्यात तीन जागा बघायला शिका : कोणत्या देशाचा कायदा, वाद कुठे सोडवायचा, आणि माल कोणत्या टप्प्यावर खरेदीदाराच्या जोखमीवर जातो. वसुलीच्या वेळी कागद कुठला आहे यावर सगळं अवलंबून. इंग्लंड, सिंगापूर किंवा जानेवारी २०२० पासून अमिराती इथल्या न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली थेट सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीला लावता येतो. सोबत प्रमाणित प्रत आणि किती रक्कम वसूल झाली, किती बाकी आहे याचं त्या न्यायालयाचं प्रमाणपत्र लागतं. अमेरिका आणि कॅनडा त्या यादीत नाहीत. तिथला निकाल असेल तर त्याच्या आधारे इथे नवा दावा लावावा लागतो, तोही निकालापासून तीन वर्षांत. लवादाचा परदेशी निवाडा असेल तर अंमलबजावणीसाठी उच्च न्यायालय. हे तीन रस्ते ज्याला तोंडपाठ आहेत तो माणूस एमआयडीसीत हवा असतो.

दुसरं काम परदेशस्थ कुटुंबांचं : वारस नोंद, वाटप, भाडेकरू, घटस्फोट. अमेरिकेत एकतर्फी मिळवलेला घटस्फोट इथे टिकतो का, हा प्रश्न वारंवार येतो. त्यासाठी संहितेचं कलम १३ आणि १९९१ चा नरसिंह राव निकाल नीट वाचून ठेवा. मुखत्यारपत्र मात्र सर्वांत जास्त येतं आणि सर्वांत जास्त वेळा तेच बिघडतं. मुलगा न्यू जर्सीतल्या नोटरीपुढे सही करून कुरिअर करतो, वडील ते कपाटात ठेवतात, आणि सहा महिन्यांनी खरेदीखताच्या दिवशी बाहेर काढतात. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या कलम १८ प्रमाणे बाहेर केलेला दस्त इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यायचा असतो. कुरिअरचं पाकीट फाडून टाकू नका, असं पक्षकाराला पहिल्याच फोनवर सांगा. तो दस्त इथे कोणत्या तारखेला आला, हे दाखवायला तेच उपयोगी पडतं.